पिल्लू द्यायचे, पण कोणाच्या घरी?

दसरा-दिवाळीच्या सुमारास मानवतच्या बाजारात कापूस येऊ लागतो. जिनिंगच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागतात, अडतीच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत हिशेब चालतात. याच दिवसांत सरकीच्या पोत्यांआड, गोदामाच्या ओट्याखाली किंवा उभ्या ट्रॉलीच्या आडोशाला एखादी कुत्री व्यालेली आढळते. पावसाळा सरता सरता गावकुत्र्यांची वीण वाढते, त्यामुळे हंगाम आणि पिल्ले एकाच वेळी दारात येतात. ट्रकची वर्दळ, फटाक्यांचे आवाज आणि रात्रीची थंडी यांतून चार-पाच पिलांपैकी एखादेच वाचते. वाचलेले पिल्लू बहुधा धीट आणि चपळ असते. हमालांच्या पायांत घोटाळते, कोणाची चप्पल पळवते आणि आठवडाभरात सगळ्या पेढीच्या ओळखीचे होते.

मग प्रश्न उभा राहतो. गाड्यांच्या चाकांखाली ते राहू शकत नाही, आणि पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येणे कोणाच्या मनाला पटत नाही. त्यावर सर्वांत सोपे उत्तर सुचते ते असे, की जो कोणी मागेल त्याला ते देऊन टाकावे. दयेच्या भरात घेतलेला हा निर्णय बहुतेक वेळा घाईचा असतो. मागणारा माणूस भला असतो, परंतु त्याचे घर त्या पिलासाठी योग्य असतेच असे नाही. सहा महिन्यांनी तेच पिल्लू आखूड साखळीला बांधलेले किंवा हमरस्त्यावर सोडून दिलेले आढळते. रस्त्यावर जगण्याची कला त्याला शिकायला मिळालेली नसते आणि तिथली कुत्री त्याला आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. म्हणून पिल्लू वाचविण्याइतकेच त्याच्यासाठी योग्य घर शोधणेही महत्त्वाचे आहे.

मोतीशा शेठ आणि मुंबईची कुत्री

बेवारस कुत्र्यांचे काय करावे, हा प्रश्न व्यापारी समाजापुढे आजच आलेला नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम वाढविली होती. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे शिपायांना रोख इनाम मिळत असे. इनामाच्या लोभाने काही शिपाई घरांच्या दारांतून आणि अंगणांतूनही कुत्री ओढून नेऊ लागले. ६ जून रोजी कोटातील पारशी रहिवाशांचा संयम सुटला आणि शिपायांवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी पारशांसह हिंदू, जैन व मुसलमान व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली आणि लष्कराला जाणारा रोजचा पुरवठाही अडला. अखेर फौज आणून शांतता प्रस्थापित करावी लागली.

दंग्यानंतर नगरातील मातब्बर व्यापाऱ्यांनी अर्ज-विनंतीचा मार्ग धरला. त्यांची मागणी व्यवहार्य होती. कुत्र्यांचा उपद्रव होतो हे त्यांनी नाकारले नाही. मात्र त्यांना मारण्याऐवजी नगराबाहेर हलवावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १८३४ मध्ये जमशेदजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. भायखळ्याचे आदिनाथ मंदिर आणि शत्रुंजयावरील मोतीशा टूक ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे मोतीशा शेठ. पांजरपोळीच्या नित्य खर्चासाठी व्यापारी महाजनांनी मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने लाग बसवून घेतला. भुलेश्वर परिसरातील ही संस्था आजही चालू आहे.

या घटनेतून दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. त्या व्यापाऱ्यांनी केवळ हळहळ व्यक्त केली नाही. जीव वाचवायचा तर त्याला ठेवायचे कोठे आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यांनी दिली. दुसरे असे, की पांजरपोळ हा म्हाताऱ्या, जखमी आणि भाकड जनावरांचा आधार आहे. गाईला कळप आणि चारा मिळाला की ती तिथे रमते. कुत्र्याचे तसे नाही. हजारो वर्षे माणसाच्या सोबतीने वाढलेला हा प्राणी माणसाशिवाय खुंटतो. धडधाकट, खेळकर पिल्लाला पांजरपोळीत ठेवले तर त्याचा जीव वाचतो, पण त्याला आपले माणूस मिळत नाही. त्याला घरच हवे असते.

पाच अतिचारांची कसोटी

जैन कथावाङ्मयात कुत्र्याला उपेक्षित मानलेले नाही. वादीभसिंहांच्या ‘क्षत्रचूडामणि’ या काव्यात जीवंधरकुमार मार खाऊन मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याजवळ बसून त्याला णमोकार मंत्र ऐकवतो, आणि ते कुत्रे पुढे यक्षगतीला जाते. मात्र रोजच्या व्यवहारासाठी याहून उपयोगी पडते ती श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांची यादी. बंध म्हणजे बांधून ठेवणे, वध म्हणजे मारहाण, छेद म्हणजे अवयव कापणे, अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि अन्नपाननिरोध म्हणजे खाणेपिणे अडवणे. ही यादी पाळीव जनावर बाळगणाऱ्या गृहस्थाला डोळ्यांसमोर ठेवूनच केली असावी, असे वाटण्याइतकी ती नेमकी आहे.

पिल्लू मागायला आलेल्या घराची पारख याच पाच कसोट्यांवर करता येते. ‘गोदामाच्या राखणीला हवे आहे’ असे म्हणणारा त्याला दिवसभर साखळीने बांधणार असेल, तर तो बंध होय. ‘शिस्त लागायला दोन फटके हवेतच’ असे मानणारा वधाच्या वाटेवर आहे. ऐटीसाठी कान-शेपूट कापून घेणे हा छेद. तीन महिन्यांच्या पिलाकडून मोठ्या कुत्र्यासारखी राखण अपेक्षिणे हा अतिभार. घरातले सर्वजण लग्नाला गेले आणि दोन दिवस त्याला पाणी ठेवायचे राहून गेले, तर तो अन्नपाननिरोध. मनात क्रूरता नसतानाही यातले बरेच काही केवळ दुर्लक्षामुळे घडते.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम कलम ११ मध्ये जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, पुरेसे अन्न-पाणी-निवारा न देणे आणि सबळ कारणाशिवाय त्याला सोडून देणे हे अपराध मानतो. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरविण्यात हयगय करणे हाही त्याच कलमाखाली स्वतंत्र अपराध आहे.

स्थळ पाहावे तसे घर पाहावे

व्यापारी घरात उधारी देण्यापूर्वी समोरच्याची पत पाहतात, आणि मुलीसाठी स्थळ पाहताना तर चार ठिकाणी चौकशी करतात. पिलाच्या बाबतीत तितका खटाटोप नको, परंतु काही प्रश्न विचारलेच पाहिजेत.

पहिला प्रश्न घरातील माणसांचा. पिल्लू कोणाला हवे आहे आणि त्याचे कोण करणार आहे? बहुधा ते मुलांना हवे असते आणि करावे लागते घरातील स्त्रीला. सकाळचे स्वयंपाकघर, देवदर्शन, मुलांच्या शाळा आणि आल्यागेल्याचे पाहून तिच्यापाशी वेळ उरतो का, हे तिलाच विचारावे. तिचा होकार मनापासूनचा नसेल तर ते घर योग्य नाही, मग वाडा कितीही मोठा असो.

दुसरा प्रश्न वयाचा. खेळकर पिल्लू अंगावर उड्या मारते, पायांत येते आणि हात तोंडात धरते. काठीच्या आधाराने चालणारे आजोबा किंवा नुकतेच पाऊल टाकू लागलेले बाळ ज्या घरात आहे, तिथे शांत स्वभावाचा प्रौढ कुत्रा शोभतो. चपळ पिलाला दहा-बारा वर्षांची मुले असलेले आणि दिवसा कोणी तरी मोठे माणूस हजर असणारे घर मानवते.

तिसरा प्रश्न वास्तूचा आणि दिनक्रमाचा. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना मानवतसारख्या गावात सर्रास असते. जिन्याला दार आहे का, गच्चीला कठडा आहे का, दुकानाचा दरवाजा थेट रहदारीच्या रस्त्यावर उघडतो का, हे पाहावे. घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती आधीच घेतलेली असावी. साधू-साध्वी गोचरीसाठी येतात त्या वेळी दारात कुत्रे आडवे आल्यामुळे त्यांना परतावे लागू नये, याचीही सोय हवी. कुटुंब यात्रेला किंवा लग्नकार्याला बाहेरगावी गेले तर मागे कोण सांभाळील, याचे उत्तर एखाद्या व्यक्तीच्या नावासह मिळाले पाहिजे. ‘कोणी तरी बघेल’ हे उत्तर पुरेसे नाही.

चौथा प्रश्न काळाचा. कुत्र्याचे आयुष्य दहा ते पंधरा वर्षांचे असते. आज नववीत असलेला मुलगा तीन वर्षांनी शिक्षणासाठी पुण्याला किंवा संभाजीनगरला जाईल, तेव्हा पिल्लू तरुण कुत्रा झालेले असेल. त्या दिवसाचा विचार करूनच घराने होकार द्यावा.

खोडकरपणा म्हणजे दुर्गुण नव्हे

पिल्लू परत येण्याचे एक मुख्य कारण म्हणजे त्याचा स्वभाव समजून न घेणे. साडेतीन-चार महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत त्याचे दुधाचे दात पडून नवे येतात. हिरड्या शिवशिवतात म्हणून ते चपला, लाकूड, वहीचे पुठ्ठे असे मिळेल ते चावते. त्याला चावायला जाड कापडाची गाठ किंवा त्याच्यासाठीच बनविलेले रबरी खेळणे द्यावे आणि चोपडी-पावत्या उंचावर ठेवाव्यात. ते खेळताना हात चावू लागले तर खेळ तिथेच थांबवून दूर व्हावे. मार दिल्याने ते चावण्याचे थांबत नाही, फक्त माणसाला भिऊ लागते. भ्यालेले कुत्रे पुढे खरोखरच चावते.

ही शिकवण मुळात आई आणि भावंडे देतात. एकमेकांशी झोंबताना किती जोराने चावले की दुसरे कळवळते, हे पिल्लू त्यांच्यातच शिकते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीविषयीचे २०१७ चे नियमही आठ आठवड्यांखालील पिलाच्या विक्रीस मनाई करतात. आई जिवंत असेल तर तोपर्यंत तिलाच चांगले खाऊ घालावे. तिसऱ्या ते सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते त्याला ते सहसा बुजत नाही. या काळात त्याला मुले, वृद्ध, मोटारसायकल, प्रेशर कुकरची शिट्टी आणि मंदिराची घंटा या सगळ्यांची सौम्य ओळख करून द्यावी.

जैन स्वयंपाकघर आणि पिलाचे ताट

शाकाहारी घरांना कुत्र्याच्या आहाराची अडचण वाटते, आणि त्याविषयी आधीच स्पष्ट बोलणे बरे. कुत्रा मांजराप्रमाणे केवळ मांसावर अवलंबून नसतो. काळजीपूर्वक आखलेल्या शाकाहारावर तो निरोगी राहू शकतो. परंतु दूध-पोळीवर पिल्लू वाढत नाही. गाईम्हशीच्या दुधाने अनेक पिलांना जुलाब होतात आणि नुसत्या पोळीतून वाढीसाठी लागणारी प्रथिने व कॅल्शियम मिळत नाही. मऊ भात-डाळ, शिजवलेले सोयाबीन, पनीर, दही, उकडलेला भोपळा यांच्या जोडीला पिलांसाठीचे शाकाहारी तयार खाद्य घ्यावे आणि प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. तिखट, मीठ आणि मिठाई नको.

एक गोष्ट मात्र जैन घराच्या बाजूची आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक असतात, आणि ते ज्या स्वयंपाकघरात येतच नाहीत तिथे हा धोका आपोआप टळतो. उलट सुक्या मेव्याच्या डब्यातील मनुका, तसेच द्राक्षे आणि चॉकलेट ही कुत्र्यासाठी विषासमान आहेत, हे मुलांना आवर्जून सांगावे.

सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या घरातही अडचण येत नाही. लहान पिलाचे दिवसाचे तीन-चार वेळचे खाणे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसविता येते. पाणी मात्र अहोरात्र हवे. घरातील माणसांचे उपवास हे त्यांचे स्वतःचे तप आहे. ते मुक्या जीवावर लादणे म्हणजे अन्नपाननिरोधच होय.

लस आधी, लाड नंतर

पिल्लू नव्या घरी जाण्यापूर्वी त्याची तपासणी झालेली असावी. जंतनाशक औषध वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ठरावीक अंतराने देतात. पार्व्हो व डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांत सुरू होते आणि तिचे पुढील डोस चुकवून चालत नाहीत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास आणि त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्यावी लागते. मानवतकरांना यासाठी फार लांब जावे लागत नाही. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि अवघड दुखण्यासाठी तिथे नेता येते.

लस न झालेल्या पिलाचा दात किंवा नख लागले, तर ते घरचेच आहे म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, तिखट किंवा चुना लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र त्याला जवळजवळ नेहमीच वाचवते.

पिल्लू मोठे झाले की नसबंदीचा विषय येतो, आणि काही कुटुंबांना तो मनाला टोचतो. परंतु आज एक पिल्लू वाचवून दोन वर्षांनी दहा पिल्ले रस्त्यावर येऊ दिली, तर त्यातील बहुतेकांच्या वाट्याला भूक, रोग आणि अपघातच येतात. पाळीव कुत्र्याची लस व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी असल्याचे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. हे नियम २००१ मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्यांची नवी आवृत्ती निघाली.

देण्याची रीत

घर पसंत पडले तरी पिल्लू एकदम सोपवू नये. आधी त्या कुटुंबाने दोन-तीन वेळा येऊन त्याच्याशी खेळावे. मग आठ-दहा दिवसांच्या बोलीवर ते त्यांच्या घरी राहावे. जमले नाही तर संकोच न करता परत आणावे, असे आधीच सांगून ठेवावे. परत आणण्याची लाज वाटली की माणसे ते परस्पर दुसऱ्याला देतात किंवा सोडून येतात.

व्यवहारात जशी चिठ्ठी असते, तसा येथेही साधा लेखी करार असावा. पिल्लू बांधून ठेवणार नाही, लसी व नसबंदी करू, तिसऱ्याला परस्पर देणार नाही आणि सांभाळणे अशक्य झाल्यास परत कळवू, एवढी चार कलमे पुरेत. लसीचे कार्ड, खाण्याचे वेळापत्रक आणि त्याच्या सवयीचे एखादे फडके बरोबर द्यावे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही २०२२ मध्ये रस्त्यावरील प्राणी दत्तक देण्याची कार्यपद्धती प्रसृत केली आहे. दत्तक देणे हा विचारपूर्वक, नोंद ठेवून करण्याचा व्यवहार आहे, हे त्यातून अधोरेखित होते. त्यानंतर आठवड्याने, महिन्याने आणि सहा महिन्यांनी विचारपूस करावी. सहाव्या महिन्याची भेट विशेष महत्त्वाची, कारण गोंडस पिलाचा दांडगा कुत्रा झालेला असतो आणि उत्साह ओसरलेला असतो.

पेढीही घर होऊ शकते

घर म्हणजे बिऱ्हाडच असे नाही. टाटा समूहाच्या मुंबईतील बॉम्बे हाउस या मुख्यालयात रस्त्यावरील कुत्र्यांना पूर्वापार आसरा मिळत आला. २०१८ मध्ये इमारतीचे नूतनीकरण झाले तेव्हा त्यांच्यासाठी खास जागा राखली गेली. रतन टाटांच्या तेथील सोबत्यांपैकी एकाचे नाव ‘गोवा’ होते. लहान पिल्लू असताना ते गोव्यात त्यांच्या एका सहकाऱ्याच्या मोटारीत चढले आणि थेट बॉम्बे हाउसला पोहोचले, म्हणून हे नाव.

मानवतच्या एखाद्या पेढीलाही हे जमण्यासारखे आहे. अट एवढीच, की कुत्र्याची जबाबदारी एका ठरावीक माणसाकडे असावी आणि सुट्टीच्या दिवशी, बाजार बंद असताना व हंगाम संपल्यावरही त्याचे खाणेपिणे चालू राहावे. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात दुपारी माणूसही थांबू शकत नाही. तिथे कुत्र्याला कोंडून ठेवणे म्हणजे त्याला घर देणे नव्हे.

घर मिळाले नाही तर

प्रत्येक पिलाला घर मिळेलच असे नाही, आणि अयोग्य घरापेक्षा ओळखीची गल्ली बरी. सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशातही असाच तोल दिसतो. नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक असलेली वगळून, मूळ ठिकाणी सोडावीत आणि खाऊ घालण्याच्या जागा निश्चित कराव्यात, असे न्यायालयाने म्हटले. इच्छुकांना कुत्री दत्तक घेण्याची मुभाही दिली, मात्र दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली.

गल्लीतील चार कुटुंबांनी मिळून लस, नसबंदी आणि दोन वेळच्या खाण्याचा भार वाटून घेतला, तर ते पिल्लू त्याच गल्लीचे होऊन राहते. हा खर्च प्रत्येकी फारसा नसतो. मोतीशांच्या काळातील लागाचे हे छोटे रूप म्हणता येईल. खाणे मात्र शाळेच्या दारात किंवा वर्दळीच्या रस्त्यात देऊ नये. ज्यांना कुत्र्याचे भय वाटते त्यांच्या भयाचाही मान राखणे हा जीवदयेचाच भाग आहे.

या हंगामात गोदामाच्या ओट्याखाली एखादे पिल्लू सापडले, तर पहिल्या दिवशी त्याला ऊब, पाणी आणि पशुवैद्यकाची तपासणी मिळावी. पुढचे तीन-चार आठवडे पेढीतील एकाने त्याचे पालकत्व घ्यावे. त्या अवधीत दोन-तीन घरे पाहून, वरचे प्रश्न विचारून मगच ते सोपवावे. महिनाभर शोध करावा लागला तरी तो वेळ वाया जात नाही, कारण त्यावर पुढची दहा-पंधरा वर्षे अवलंबून असतात.